महासागर सोपा, बेटं अवघड : मार्केसास ते ताहिती

शिडकरी

पनामाहून निघून पॅसिफिक ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक मधल्या तीन-चार आठवड्यांबद्दल असतं. लाटा, एकटेपणा, डेकवर येऊन पडलेले उडते मासे, आकाशगंगा. सगळं खरं आहे. पण ज्यांच्या डोक्यात हा मार्ग घोळतोय त्यांच्यासाठी मला उलट बाजूने लिहायचंय. महासागर त्यातल्या त्यात सोपा. कटकट सुरू होते ती जमीन दिसल्यावर.

(मी मित्राच्या बारा मीटरच्या बोटीवर खलाशी होतो. बोट माझी नाही, त्यामुळे किंमत, विमा, कर्ज हे प्रश्न कृपया दुसरीकडे.)

आधी ओलांडण्याचं उरकतो. गालापागोसपासून फ्रेंच पॉलिनेशियातली मार्केसास बेटं साधारण ३,००० सागरी मैल, पनामापासून धरलं तर ४,०००च्या आसपास. सहा नॉटची, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांची, सरासरी पडली तर दिवसाला १४४ मैल, म्हणजे गालापागोसनंतर तीन आठवडे. सुरुवातीला विषुववृत्ताजवळचा पडलेल्या वाऱ्याचा पट्टा लागतो. तिथे शिडं नुसती फडफडतात, मधूनच काळा ढग येऊन झोडपून जातो. नैर्ऋत्येकडे सरकत एकदा आग्नेय व्यापारी वारे धरले की वारा पाठीशी येतो, पुढची दोन शिडं काठ्या लावून दोन्ही अंगांना पसरायची आणि सुकाणू विंडवेनच्या, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर दिशा धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या, हवाली करायचं. तीन-तीन तासांच्या पाळ्या. आजूबाजूला आदळण्यासारखं काही नाही, खाली काही किलोमीटर पाणी.

काम उरतं ते झिजेशी भांडण्याचं. दोर कप्पीवरून जिथे वळतो तिथे तो रात्रंदिवस त्याच बोटभर जागी घासत असतो. वरचं विणलेलं आवरण आधी केसाळ होतं, मग पांढरा गाभा दिसायला लागतो. म्हणून रोज सकाळी प्रत्येक दोर वीतभर सोडायचा किंवा ओढायचा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. हे ज्याने नेमाने केलं त्याचा प्रवास कंटाळवाणा होतो, आणि समुद्रात कंटाळवाण्यासारखं सुख नाही.

मग पहाटे क्षितिजावर मार्केसासमधलं हिवा ओआ बेट उगवतं. हजार मीटरच्या वरचे उभे डोंगर, माथ्यावर ढग अडकलेला, आणि वाऱ्यावर ओल्या मातीचा वास. सगळे डेकवर. आणि नेमक्या ह्याच वेळी दमलेल्या माणसांना सगळ्यात जास्त डोकं लावायचं असतं. तीन आठवड्यांत नांगर हातात घेतलेला नसतो, इंजिन नीट चाललेलं नसतं, आणि समोर असते ताहाउकूची चिंचोळी खाडी. मार्केसासला भोवती प्रवाळाची भिंत जवळजवळ नाहीच, त्यामुळे लाट थेट आत येते. बोट आडवी फिरली तर रात्रभर भांडी वाजतात, शिवाय शेजाऱ्याला लागण्याची भीती. म्हणून पुढून एक आणि मागून एक असे दोन नांगर टाकून सगळ्या बोटी एकाच दिशेला तोंड करून उभ्या. मागचा नांगर डिंगीतून, म्हणजे बोटीवरच्या छोट्या होडीतून, नेऊन टाकायचा. वारा आडवा असेल तर तेवढ्या एका कामात घामाच्या धारा.

मार्केसास ते तुआमोतूची प्रवाळबेटं साधारण ५०० मैल, तिथून ताहिती दोन-अडीचशे. आकडे किरकोळ वाटतात. पण ह्या टप्प्यात प्रत्येक उडीला वेळ गाठायची असते, आणि तीच मुख्य गोष्ट. तुआमोतूबद्दल सविस्तर प्रतिसादांत लिहितो, नाहीतर लेख संपायचा नाही.

हौशी_भटक्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो नसतील तर हा धागा बाद धरण्यात येईल.

कोरडी_जमीन

मला गेटवे ते एलिफंटा बोट लागते, त्यामुळे आदराने विचारतेय. तीन आठवडे हलल्यावर किनाऱ्यावर उतरलं की काय होतं?

शिडकरी

@कोरडी_जमीन, बोट लागणं बहुतेकांचं पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरतं. उतरल्यावर जमीन लागते. धक्क्यावरून अतुओना गावापर्यंत चांगली तीनेक किलोमीटरची चाल आहे, त्यात रस्ता पायाखालून सरकतोय असं वाटत राहतं. जाँदार्मरीत, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, कागद भरायला उभे राहिलात की टेबलाचा आधार घ्यावासा वाटतो. तिथल्या पोलिसांना ह्याची सवय आहे.

घड्याळाचीही गंमत. मार्केसासची वेळ ग्रिनिचच्या साडेनऊ तास मागे. म्हणजे भारतापेक्षा बरोबर पंधरा तास मागे, अर्ध्या तासाचा घोळ इकडचा तिकडे कापला जातो. घरी फोन करायला हिशोब सोपा.

@हौशी_भटक्या, फोटो चढवतो, दम धरा.

ध्रुवतारा

लेख छान, पण "महासागर सोपा" ह्याला माझा स्पष्ट विरोध. हे सुखरूप पोचलेल्या माणसाचं बोलणं आहे. २०२३च्या मार्चमध्ये ह्याच मार्गावर, गालापागोस आणि मार्केसासच्या मध्ये, एक शिडाची बोट व्हेलच्या धडकेने साधारण पंधरा मिनिटांत बुडाली. चौघं जण तराफ्यात आणि डिंगीत होते, काही तासांनी दुसऱ्या एका शिडाच्या बोटीने त्यांना उचललं. त्या दिवशी त्या भागात इतर बोटी होत्या म्हणून. अशा ठिकाणी सुकाणू तुटलं, डोलकाठी पडली, कुणाचं अपेंडिक्स फुटलं तर हेलिकॉप्टरच्या पल्ल्यात कुणीही नसतं. बेटांत फार तर बोट जाते, पोहत किनाऱ्याला लागता येतं.

शिडकरी

@ध्रुवतारा, परिणामांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी शक्यतेबद्दल बोलतोय. खोल समुद्रात जे वाईट घडतं ते फार वाईट, पण क्वचित. बेटांत रोज काहीतरी घडायला टपलेलं असतं. आणि मार्च ते मेमध्ये शेकडो बोटी हा मार्ग पकडतात, रोज रेडिओवर किंवा उपग्रह फोनवर एकमेकांची जागा कळवतात. त्या चौघांना वाचवणारी बोट अशीच संपर्कातून मिळाली. पूर्वीचं एकटेपण आता राहिलेलं नाही.

पोहत किनाऱ्याला लागण्याबद्दल मात्र असहमत. तुआमोतूच्या बाहेरच्या अंगाला लाट ज्या प्रवाळावर फुटते त्यावर पोहत लागून बघा. १९४७ साली नॉर्वेच्या थोर हेयरडालचा कॉन-टिकी तराफा १०१ दिवस वाहत येऊन रारोइआच्या अशाच कड्यावर आपटला. सहाही जण वाचले, पण ते लाकडी ओंडके होते. फायबरचं बूड तिथे काही तासांत फुटतं.

भरती_आणि_भांग

तुआमोतूचा विषय निघालाच आहे तर माझे दोन पैसे. तिथे बेट म्हणजे लगूनभोवती, म्हणजे मधल्या खाऱ्या पाण्याभोवती, नारळीची बांगडी. उंची दोन-तीन मीटर, वर नारळ. त्यामुळे डेकवरून सात-आठ मैलांवर आल्याशिवाय दिसतच नाही, आणि दिसतात ते पाण्यातून उगवल्यासारखे झाडांचे शेंडे. रडार आणि जीपीएसच्या आधी ह्या भागाला "धोकादायक द्वीपसमूह" म्हणत ते उगीच नाही.

आत जायला बांगडीत एखादीच फट असते, तिला पास म्हणतात. आता लगून म्हणजे केवढं? फाकारावाचं साठ किलोमीटर लांब आहे. एवढ्या पाण्याची ये-जा त्या एका-दोन फटींतून. साहजिकच आत-बाहेर नदीसारखा प्रवाह, काही पासमध्ये सहा-आठ नॉटपर्यंत. बहुतेक बोटी इंजिनावर तेवढ्या पळतच नाहीत. प्रवाह बाहेर पडत असताना समोरून वारा आला तर पासच्या तोंडावर उभ्या भिंतीसारख्या लाटा.

म्हणून प्रवाह थांबतो ती वेळ गाठायची. आणि इथे नवखे फसतात, कारण भरतीचं कोष्टक पुरत नाही. दक्षिणेकडून मोठी लाट येत असेल तर ती बांगडीच्या दक्षिण कडेवरून सतत आत सांडत राहते. ते पाणी बाहेर पडणार कुठून? पासमधूनच. मग कोष्टकात भरती असली तरी प्रवाह बाहेरच वाहतो, किंवा थांबण्याची वेळ तासभर नाहीतर त्याहून पुढे सरकते. आधीच्या तीन-चार दिवसांत दक्षिणेला लाट किती होती हे बघितल्याशिवाय कोष्टकावर विसंबू नये.

जाता जाता ताहितीचं नवल. तिथे चंद्राची भरती जवळपास शून्य, कारण बेट त्या भरतीच्या निश्चल बिंदूजवळ, म्हणजे जिथे तिने पाणी चढत-उतरत नाही अशा जागेजवळ, पडतं. उरते सूर्याची, तीही फूटभर. त्यामुळे ताहितीत भरती रोज दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारासच येते. आपल्याकडच्या तिथीवर भरती सांगणाऱ्या कोळ्याला तिथे काही कामच नाही.

हौशी_भटक्या

दुपारी बारालाच भरती? रोज? हे माहीतच नव्हतं. धागा वाचल्याचं सार्थक झालं, फोटो माफ.

शिडकरी

@भरती_आणि_भांग, उत्तम लिहिलंत. त्यात एक जोड देतो. पासमधून आत आलं की संपलं असं नाही. लगूनमध्ये प्रवाळाचे खांब तळापासून थेट पृष्ठभागापर्यंत आलेले असतात आणि बरेचसे नकाशात नसतात. ते फक्त डोळ्यांनी दिसतात, तेही सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना. पोलराइज्ड चष्मा लावून एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे सांभाळून, तपकिरी दिसलं की ओरडायचं. ढग आला की सगळा पट एकसारखा राखाडी होतो आणि काहीच कळत नाही. तेव्हा थांबायचं.

आता हिशोब मांडा. प्रवाह थांबण्याची वेळ हवी, वर सूर्य हवा, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या आत नांगर पडायला हवा. ५०० मैल अंतर कापून ह्या दोन-तीन तासांच्या खिडकीत पोचायचं. चार दिवस लागणार असं धरून निघालात आणि वारा जरा जोरात आला की पहाटे तीनला बेटाजवळ पोचता. अशा वेळी शिडं कमी करून वेग मारायचा, बाहेर घुटमळत उजेडाची वाट बघायची. तीन आठवडे वेगासाठी जीव टाकलेल्या माणसांना वेग मारायला सांगणं फार जड जातं. आमच्याकडे कप्तानाला ते पटवायलाच एक पाळी गेली.

मुक्काम_पोस्ट

नांगराची साखळी प्रवाळात अडकते म्हणतात, त्यावर काय उपाय करतात?

शिडकरी

@मुक्काम_पोस्ट, साखळीला मध्येमध्ये तरंगणारे गोळे बांधतात. नांगर वाळूत, त्यापासूनची पहिली काही मीटर साखळी तळावर, आणि पुढची गोळ्यांनी उचललेली, म्हणजे बोट फिरली तरी साखळी खांबांच्या डोक्यावरून जाते. प्रवाळही वाचतं, साखळीही. मोत्यांच्या शेतीचे सुटलेले काळे गोळे किनाऱ्यावर पडलेले मिळतात, बरेच जण तेच वापरतात. साखळी खांबाला गुंडाळली गेली आणि वारा वाढला की ती आखूड होत जाते, मग प्रत्येक लाटेला झटका बसतो. अशा वेळी नाळेवरचा रोलर उखडतो.

वारा वाढण्याबद्दल म्हणाल तर दक्षिणेकडच्या हिवाळ्यात मारामू नावाचा जोरदार आग्नेय वारा येतो, कधी कधी आठवडाभर. लगून म्हणजे तलाव असं समजून झोपू नका. फाकारावात वारा लांबीच्या दिशेने आला तर उत्तरेच्या रोतोआवा गावापर्यंत येईतो छान लाटा उठतात. म्हणून मारामूचा अंदाज आला की बोटी आग्नेय कोपऱ्यातल्या हिरिफाला जाऊन दडतात. तिथे झाडांच्या आडोशाला पाणी सपाट.

पिवळा_बावटा

फातू हिवाबद्दल कुणी बोलत कसं नाही? समूहातलं सगळ्यात आग्नेयेचं बेट, म्हणजे येताना आधी तेच लागतं. हानावावेची खाडी जगातल्या देखण्या मुक्कामांत गणली जाते. पण तिथे प्रवेशाचे कागद होत नाहीत. आधी हिवा ओआ, नुकू हिवा नाहीतर उआ पोउला जायचं. आणि हिवा ओआहून परत फातू हिवाला यायचं म्हणजे पंचेचाळीसेक मैल वाऱ्याच्या विरुद्ध. बरेच जण येताना गुपचूप दोन दिवस थांबतात. काय बिघडलं?

ध्रुवतारा

बिघडलं हे की नियम मोडला. पाहुणे म्हणून जातो आपण.

पिवळा_बावटा

@ध्रुवतारा, तीन आठवड्यांनंतर पहिलं बेट डोळ्यांसमोर असताना पुढे जा म्हणणं सोपं आहे हो.

शिडकरी

दोघेही शांत. आम्ही थांबलो नाही. सापडलात तर दंडाची भानगड, आणि नियमाचं कारणही मला पटतं. बाहेरून येणारी बोट कीड, रोपं, प्राणी काय आणेल सांगता येत नाही आणि एवढ्याशा बेटाला त्याचा फटका मोठा बसतो. नंतर वाऱ्याची दिशा पूर्वेकडून जरा ईशान्येला सरकण्याची वाट बघून हिवा ओआहून पहाटे निघालो, संध्याकाळी पोचलो. ओले झालो, पण पोचलो. मधल्या दिवसांत ताहुआता बेटाच्या हानामोएनोआ खाडीत राहिलो. हिवा ओआपासून दहाएक मैल, पांढरी वाळू, स्वच्छ पाणी. ताहाउकूच्या हेलकाव्यांनंतर तिथे पहिल्यांदा सलग झोप मिळते.

कोरडी_जमीन

खाण्याचं सांगा ना. शाकाहारी माणूस टिकेल का?

शिडकरी

@कोरडी_जमीन, मार्केसासमध्ये आरामात. नीरफणस, केळी, आंबे, नारळ, आणि पपनस. तिथल्या पपनसाला तोड नाही. फळं दुकानात कमी दिसतात, कारण प्रत्येकाच्या परसात झाड असतं. विचारलं तर पिशवी भरून देतात, बदल्यात दोरखंड किंवा मासेमारीचे गळ दिले तर खूश. फ्रेंच पाव सरकारी अनुदानामुळे स्वस्त, पण भल्या सकाळी संपतो. बाकी डबाबंद सगळं महाग, कारण ताहितीतल्या पापेएतेहून जहाजाने येतं. तुआमोतूत मात्र मातीच नाही, त्यामुळे भाजी जवळजवळ नाही. कांदे, बटाटे, कोबी मार्केसासमधूनच भरून घ्या.

मासे खाणाऱ्यांनी लक्ष द्या. लगूनमधला मासा स्थानिकांना विचारल्याशिवाय खाऊ नये. सिग्वातेरा नावाचं विष प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातून माशांत चढत जातं. शिजवून, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. एका बेटाच्या एका बाजूचा मासा चालतो, दुसऱ्या बाजूचा तोच मासा चालत नाही. कुठला चालतो हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असतं. भर समुद्रात गळाला लागणारा ट्यूना किंवा माही-माही ह्या बाबतीत बिनधोक.

जरा_जपून

आणि नोनो! मार्केसासच्या किनाऱ्यांवरच्या ह्या बारीक माश्या. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते, खाजवलं की जखम चिघळते. तिथे लोक नारळाचं तेल फासून फिरतात. आपल्याला ते सांगायला नको.

कागदपत्र

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा चालतो का?

शिडकरी

@कागदपत्र, नाही. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये येत नाही. फ्रान्सच्या वकिलातीतून व्हिसा घेताना तो फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असल्याची नोंद त्यावर लागते. बोटीने जाणार असाल तर निघण्याच्या खूप आधी हे उरका, पनामात पोचून धावपळ करू नका. युरोपबाहेरच्या लोकांकडून परतीच्या विमानभाड्याची हमीही मागतात. सध्याचे नियम वकिलातीतूनच घ्या, ते बदलत राहतात. चलन पॅसिफिक फ्रँक, युरोला बांधलेलं, एका युरोला ११९ आणि थोडे.

तारांगण

थोडं अवांतर. ही बेटं ज्यांनी वसवली ते पॉलिनेशियन लोक होकायंत्राशिवाय फिरत. तुआमोतूसारखं सपाट बेट ते आधी आकाशात शोधत. उथळ लगूनचा हिरवा उजेड ढगाच्या खालच्या अंगाला पडतो, तो दुरून दिसतो. संध्याकाळी पांढऱ्या कुररी चोचीत मासा घेऊन ज्या दिशेला जातात तिकडे जमीन. १९७६ साली मायक्रोनेशियातले माउ पिआइलुग होकुलेआ ही दुहेरी होडी कुठल्याही यंत्राशिवाय हवाईहून ताहितीला घेऊन गेले, तेव्हा कुठे "हे लोक वाहत वाहत चुकून पोचले असतील" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

आणि मार्केसास २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, तो निर्णय झाला ती बैठक दिल्लीत होती. योगायोग.

मुक्काम_पोस्ट

+१. अतुओनाच्या दफनभूमीत चित्रकार गोगँ आणि गायक जाक ब्रेल दोघांच्याही कबरी आहेत. ब्रेल तर स्वतः शिडाच्या बोटीनेच तिथे पोचला होता.

दर्याकिनारी

आपले दिलीप दोंदे विसरू नका! २००९-१० मध्ये "म्हादेई"वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

शिडकरी

@दर्याकिनारी, त्यांना सलाम. पण त्यांचा मार्ग फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असा, दक्षिणेच्या थंड रागीट समुद्रातून. तिथे महासागर सोपा म्हणायची माझी छाती नाही. माझं सगळं म्हणणं व्यापारी वाऱ्यांच्या मार्गापुरतं. @ध्रुवतारा, एवढं तरी तुमच्या बाजूने धरा.

ध्रुवतारा

धरलं. फाकारावाच्या दक्षिण पासमधल्या शार्कबद्दल लिहा, म्हणजे भांडण मिटलं.

शिडकरी

तुमाकोहुआ पास. प्रवाह आत येत असताना पासच्या बाहेरच्या तोंडाशी डिंगीतून पाण्यात उतरायचं, डिंगीची दोरी हातात धरायची आणि वाहत आत यायचं. पोहायची गरज नाही. खाली राखाडी शार्कांचे थवेच्या थवे, शेकड्यांनी, प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ स्थिर. दिवसा ते आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमाराला तिथे हजारो हेकरू अंडी घालायला जमतात, तेव्हा रात्री शार्कांची मेजवानी असते. वेळ इथेही गाठायचीच. प्रवाह फिरला की तोच पास डिंगीसकट तुम्हाला बाहेर समुद्रात सोडतो, म्हणून इंजिन चालू करून बघितल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

मुक्काम_पोस्ट

शेवटचा प्रश्न. ताहितीनंतर घाई का करतात सगळे? मोओरेआ, हुआहिने, राइआतेआ, बोरा बोरा, इतकं सगळं असताना?

शिडकरी

चक्रीवादळांमुळे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला हंगाम. त्याआधी न्यूझीलंडला उतरायचं, नाहीतर बोट राइआतेआच्या यार्डात जमिनीवर बांधून घरी जायचं, नाहीतर परत मार्केसासला चढायचं, कारण तिथे वादळं क्वचित पोचतात. तिसरा पर्याय कागदावर छान दिसतो, पण तो वाऱ्याच्या विरुद्ध साताठशे मैल आहे. पिवळा_बावटा ह्यांना पंचेचाळीस मैलच जड जात होते, त्यांनी ह्यावर मत द्यावं.

पिवळा_बावटा

न्यूझीलंड.